दार लावणारे सर

रूपेश, अरे असा जवळ सरक. तू वापीत बसलायस हे ठाऊक आहे मला, पण मी लिहिते ती माणसाला समोर बसवूनच. गेल्या महिन्यात बोईसरला बहिणीकडे येऊन गेलास म्हणे. माझ्या ओट्यावरून गेलास आणि हाक नाही? शाळेच्या फाटकाशी माझी चिंचा-बोरं खाऊन एवढा झालास, मेल्या. सरांच्या दहाव्यालाही आला नाहीस. रागावत नाही मी. पण सरांविषयी बोलायचं ते तुझ्याशीच बोलते. इथे कुणापाशी विषय काढावा, तर तो मोबाईलमधला सरांचा फोटो दाखवतो आणि डोळे पुसतो. ते डोळे बघवत नाहीत मला.

तुम्ही पोरांनी त्यांना 'दारलावे सर' करून टाकलं होतं. नवे पालक तर तेच आडनाव समजायचे. मुख्याध्यापक झाले तरी सवय सुटली नाही. कुणी चुकलं की ओरडणं नाही, छडी नाही, नुसतं म्हणायचे, "दार लाव." एवढं ऐकून भलेभले खाली मान घालून आत जायचे. आत काय बोलणं व्हायचं ते आतल्यालाच माहीत. पोर नाक ओढत माझ्या टोपलीशी यायचं. मी विचारायची, "काय रे, काय म्हणाले?" तर उत्तर एकच, "काय नाय." एकदा मीच त्यांना विचारलं, "सर, मारत नाही, ओरडत नाही, मग दार कशाला?" तर म्हणाले, "मावशी, लाज एकाची असते तोवर उपयोगाची. दहा जणांत वाटली की तिचा तमाशा होतो."

तुझ्या आधीच्या तुकडीतला विकी आठवतो ना? त्यांची सहल केळव्याला गेली होती. परत निघताना बस सुरू झाली, तेवढ्यात सरांनी थांबवली. "माझी छत्री राहिली," म्हणत एकटेच वाडीत मागे गेले. छत्री त्यांच्या काखेत होती! पोरं फिदीफिदी हसली. ते मागे कशाला गेले होते, ते विकीच्या आईने माझ्याजवळ रडून सांगितलं म्हणून मला कळलं. काय ते तुला सांगणार नाही. पोट फुगलंय माझं, पण नाही सांगणार. सरांनी मरेपर्यंत सांगितलं नाही, मग मी कोण?

आता दर्शनाचं. तुझ्याच वर्गातली, मासवणकडची, मामाकडे राहून बारावी करत होती. आईबाप पावसाची शेती संपली की कामाला बाहेर जायचे. पोरीला नर्स व्हायचं होतं. एके दिवशी तिचा बक्षीस समारंभातला फोटो आणि खाली गावच्या देवाच्या पालखीविषयी काहीतरी घाणेरडं लिहिलेलं, असं सगळ्यांच्या मोबाईलवर आलं. कुणी तिच्या नावाने खातं काढून लिहिलं होतं. विकी आणि त्याची मंडळी नाक्यावर बसून गावच्या बातम्यांचं पेज चालवतात, त्यांनी ते चढवलं. तूही पुढे ढकललं असशील. नाही म्हणू नकोस, सगळ्यांनीच ढकललं.

पोरगी सरांच्या ऑफिसात उभी. "मी नाय लिवलं सर. माझ्याकडं मोबाईलच नाय." सरांनी तिला आतल्या प्रयोगशाळेत बसवलं आणि दार लावून घेतलं. बाहेर विकी दहा-बारा जण घेऊन हजर. सरांनी मला सगळ्यांसाठी चहा आणायला सांगितला. चहा, बाबा! मी ट्रे घेऊन तिथेच उभी होते.

विकी म्हणाला, "सर, पोरीला बाहेर बोलवा. हात जोडून माफी मागू दे. दोन मिनिटांचा व्हिडिओ करतो, विषय संपला."

"तिने लिहिलंय?"

"सगळीकडे फिरतंय, सर."

"फिरतंय ते मीही पाहिलं. तिने लिहिलंय का, ते विचारतोय."

मागून एक जण बोलला, "नसेल लिवलं तर माफी मागायला काय जातंय?"

"नसेल लिहिलं तरच जातं," सर म्हणाले. "सगळंच जातं."

दुसरा म्हणाला, "सर, पब्लिक गरम है."

मग विकीने तोंड उघडलं. "दार लावून किती जणांचं झाकणार, सर?"

सरांनी ट्रेमधला एक कप उचलला. मनात म्हटलं, आता बोला सर. एकदा केळवे म्हणा, हा शेपूट घालून जाईल. सर म्हणाले, "चहा घे, विकी. गार होतोय."

त्या दिवशी मंडळी परत गेली. पण मामा कंपनीत कंत्राटी. ठेकेदाराने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, भानगडीतली माणसं आम्हाला नकोत. दुसऱ्या दिवशी मामानेच भाचीला नाक्यावर नेऊन उभं केलं. तिने कान धरले, जे लिहिलं नव्हतं त्याची माफी मागितली. गर्दीत अडकली म्हणून सर स्कूटर तशीच टाकून धावत गेले, तोवर व्हिडिओ वर चढलासुद्धा. खाली हसणारी तोंडं टाकलेली. दर्शना पुन्हा शाळेत आली नाही.

सर मात्र मागे हटले नाहीत, पोलिसांत तक्रार केली. संस्थेच्या लोकांनी त्यांना झापलं, तक्रार मागे घ्या म्हणाले, घेतली नाही. पुष्कळ खेटे घातल्यावर पोलिसांकडून कळलं, ते खातं भलत्याच कुणाचं होतं. पोरीचा काही संबंध नाही. सर तो कागद घेऊन विकीकडे गेले. "हेही चढव. तेवढ्याच मोठ्या अक्षरात."

विकी म्हणाला, "सर, आता जुना विषय झाला तो."

माफीचा व्हिडिओ आहे तिथेच आहे. तो कुणाला जुना वाटत नाही. पुढे बारावी बाहेरून देऊन नर्सिंगच्या प्रवेशाला गेली, तेव्हा तिथल्या मुलींनीच तिला तो दाखवला. तशीच पाठ फिरवून आली.

सर निवृत्तीनंतरही अधूनमधून नाक्यावर जाऊन तेच मागणं मागायचे. पोरं लांबून बघून म्हणायची, "आले, आले." म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असंही बोलून झालं. मग एका सकाळी छातीत कळ आली आणि आटोपलं सगळं. दुपारच्या आत विकीच्या पेजवर सरांचा हार घातलेला फोटो: 'आमचे आदर्श गुरुजी'. शेकड्यांनी हात जोडले म्हणे लोकांनी. नाक्यावर बॅनर लागला, त्यावर विकीचाही फोटो, सरांपेक्षा थोडासाच लहान.

दहाव्याला दर्शना आली होती. तोंडाला ओढणी घट्ट गुंडाळून, बायकांच्याही मागे. जेवायला थांबली नाही, ओढणी सोडावी लागली असती ना. मी हात धरून तिला माझ्या घरी नेलं. आता ती इथेच एका कंपनीत पॅकिंगला आहे. शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा येते माझ्याकडे. भाकरी भाजते, मला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून पेपर वाचून दाखवते. कंपनीत तिने आपलं नाव वेगळंच सांगितलंय. मला सोडलं तर तिला खऱ्या नावाने हाक मारणारं इथे कुणी उरलं नाही.

तेव्हा येत्या शुक्रवारी ये, रूपेश. सुट्टी नसली तर मागून घे. बोंबील तळते. तिच्यासमोर जुनं काही काढू नकोस, रडगाणंही नको. फक्त ओट्याखाली आलास की रस्त्यावरूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मार. "दर्शना," म्हण. लवकर ये.