हंबीररावांचा न तुंबणारा पाइप

हंबीरराव मिस्त्रींच्या कामाचं कुणी कौतुक केलं की त्यांचे कान लाल होतात. धारच्या जंगलखात्यात मी बाबू होतो आणि ते रोजंदारीवरचे मिस्त्री. नाल्यात दगडी बांध घालायचे, उतारावर चर खणून घ्यायचे, जंगलातले रस्ते पावसात टिकवायचे, हे त्यांचं काम. दगड उचलण्याआधी ते त्याला थाप मारून ऐकायचे. त्यातून काय कळतं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांनाही ठाऊक नसावं.

त्यांची खरी कीर्ती मात्र बाग गावाकडच्या सागवानी जंगलातल्या एका पाइपमुळे. बावीस वर्षांपूर्वी रस्त्याखालून नाल्याचं पाणी काढायला त्यांनी तो हट्टाने बसवला. तेव्हाचे साहेब रपटा करा म्हणत होते, म्हणजे रस्त्यावरूनच पाणी वाहून जाईल अशी दगडी उतरण. हंबीररावांनी ऐकलं नाही. तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर मी फाईलमध्ये लिहीत आलो, 'पाइप सुस्थितीत, एकदाही तुंबला नाही.' मी तिथे कधी गेलो नव्हतो ही गोष्ट वेगळी. हंबीररावांना विचारायचं आणि लिहायचं.

मग त्यांची सून जया आमच्याकडे उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ इंजिनियर, होऊन आली. देवासची, हिंदी शाळेत शिकलेली मुलगी. घरी ती मामंजी म्हणून त्यांच्या पाया पडे आणि साइटवर ते तिला साहेब म्हणून सलाम ठोकत. घरी कामाचं बोलायचं नाही, कामावर घरचं बोलायचं नाही, असा हंबीररावांचा कायदा. दोघांनाही यात हसण्यासारखं काही दिसत नसे. हसण्याचं काम माझ्याकडे होतं.

मे महिन्यात नव्या जंगलरस्त्याचं काम निघालं. त्याच्या एका वळणाखाली आदिवासींची अकरा घरं होती. जयाने माझी फाईल वाचली आणि त्या वळणावर अगदी तसाच पाइप आखला. सासऱ्यांचं काम आपण पुढे चालवतोय याचा तिला फार अभिमान वाटत होता. नकाशा तिने त्यांच्यापुढे धरला, तर कान लाल होण्याऐवजी हंबीररावांचं तोंडच उतरलं. तीन दिवस ते ताप आहे म्हणून घरी बसले. चौथ्या दिवशी साइटवर मजूर पाइप उतरवत होते, तेव्हा हंबीरराव पुढे आले.

"साहेब, हा नका टाकू. माझा पाइप दर साल तुंबतो."

जया म्हणाली, "पण फाईलमध्ये तो लिखा है, एकदाही नाही."

"कुणाला कळायच्या आधीच मी जात होतो. उन्हाळ्यात सागाची पानं गळतात, पहिल्या पाण्यात सगळी पाइपच्या तोंडाशी येऊन अटकतात. बावीस साल हाताने काढली. इथे तुंबला तर पाणी रस्ता फोडेल आणि सगळा मलबा खालच्या घरांवर जाईल."

घरी ते अमझेऱ्याला देवीच्या दर्शनाला जातो असं सांगून जायचे. भवानीबाई, त्यांची बायको, नवऱ्याच्या भक्तीचं आळीभर कौतुक करत होती. मी मात्र साइटवर हातात वही धरून उभा होतो आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटत होतं.

जया रागावली नाही. तिने तिथेच ट्रकच्या फळीवर नकाशा ठेवला, पाइपवर काट मारली आणि रपटा काढला. जुना पाइपही पावसाआधी फोडायचा ठरला. पहिला घण हंबीररावांनीच घातला. दुसऱ्या कुणाला ते हात लावू देईनात.

राहिली फाईल. जयाने मला सांगितलं, लिहा, नाल्याला पाणी वाढल्यामुळे पाइप काढला. तिने सासऱ्यांची अब्रू झाकली आणि त्याबरोबर माझीही झाकली गेली. मी खुशीत पेन उचललं. हंबीरराव दारात उभे होते.

"खरं लिहा, साहेब," ते जयाला म्हणाले. "उद्या तुमची बदली होईल, मी तर नसेनच. नवा माणूस हीच फाईल उघडणार. खाली कुणाची तरी घरं असतील."

जयाने मान डोलावली आणि मी लिहिलं, 'पाइप दर वर्षी तुंबत होता. मिस्त्री हाताने साफ करत होते. बाबूने न पाहता सुस्थितीत लिहिले.'

शेवटचं वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. खाली हंबीररावांनी सही केली, मग मी.