टरबूजवाला कॅचर

"ओ बेसबॉलदाजी, ते बूट काढा आधी. मंडी हाय ही, मैदान नाय."

"राहू दे ना, आकाश. दुसरं पायताण नाय मव्हं."

"ऐका! चौदा मॅची खेळून आला गडी, अन् दुसरं पायताण नाय म्हणं." आकाश ट्रकच्या फाळक्याला टेकून हसला, तशी सगळी टोळी हसली. "मामा, ह्यायला कुठं लावता? पाणी आणायला?"

लक्ष्मण मुकादम तळहातावर तंबाखू चोळत होता. त्यानं पुंजारामकडं मान वर न करताच बघितलं. "तुव्हं काय म्हणणं हाय, पुंजाराम?"

"मव्ही जागा पाह्यजे, मामा. ट्रकखालची."

"ती आकाशची हाय आता."

"मीच दिली व्हती त्याला. तुमच्या म्होरं."

"दिली ना? मग आता रडू कामून ऱ्हायला?"

संभाजीनगरच्या मंडीत उन्हाळ्याची टरबुजं ट्रकातून उतरतात ती हातोहात. वरचा फेकतो, खालचा झेलतो, त्याच्या मागचा पेंढ्यावर थर रचतो. सगळा जिम्मा खालच्या माणसावर. सात-आठ किलोचं फळ अंगावर येतं. त्याला अडवायचं नसतं. हात सैल सोडून, लेकरू घ्यावं तसं पोटाशी ओढून घ्यायचं. अडवलं की फुटलं. आणि या टोळीचा कायदा असा, की ज्याच्या हातात फुटलं त्यानं हातात उरलेला तुकडा तिथंच, उभ्यानं, सगळ्यांसमोर खायचं. तोवर गाडी थांबते आणि बाकीचे तोंड सोडतात.

वैजापूरकडून आलेल्या पुंजारामनं सतरा उन्हाळे ती जागा सांभाळली. त्याला टरबूज खाताना बघितलेला माणूस टोळीत शोधावा लागला असता. आख्ख्या टोळीत पाठीवर ओझं न घेता पोट भरायची ही एकच जागा. छत्तिशी उलटलेल्याला आणखी दहा वर्षं मंडीत काढायची तर तीच पाहिजे. नाहीतर पलीकडं कांद्याची शेड होतीच. तिथं पन्नास किलोची पोती वाहताना आधी गुडघे जातात, मग पाठ.

मुकादमानं तंबाखू ओठाखाली दाबली. "एक गाडी उतरव. आकाश वरून फेकीन. तीन फुटली तर कांद्याच्या शेडला जायचं, अन् पुन्हा ह्या गाडीकडं बघायचं नाय. नाय फुटली तर जागा तुव्ही."

"अन् मी?" आकाश म्हणाला.

"तू मग शेडला. आता नीट फेकशील की मुद्दाम वाकडं, ते तुव्हं तू बघ."

आकाश म्हणजे रूपाचा, पुंजारामच्या बायकोचा, धाकटा भाऊ. टोळीत जागा उसनी देत नाहीत. दिली की गेली. हे पुंजारामला ठाऊक होतं. तरी घरातलाच माणूस हाय, हंगाम संपला की देईल परत, म्हणून त्यानं दिली.

त्याला कारण झाले श्रीरंग सर. आदल्या उन्हाळ्यात सर टरबूज घ्यायला आले आणि घ्यायचं विसरून आख्खी गाडी उतरेपर्यंत उभे राहिले. तीस वर्षं शाळेत खेळ शिकवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांना देवगिरी रॉकेट्स या संघाला शिकवायचं काम मिळालं होतं. बेसबॉलची नवी लीग निघाली होती, आठ शहरांचे आठ संघ, पहिलाच हंगाम आणि खेळणाऱ्याला पगार. आपल्या शहराचा हा संघ विश्वजित नावाच्या प्लॉटवाल्यानं घेतला होता.

"उकिडवं बसता येतं का तासन्‌तास?" सरांनी विचारलं.

"मव्हं समदं बालपण ज्वारीच्या काढणीत गेलं, सर. उकिडवं बसायचं मला शिकवता का?"

कॅचरचं काम तेवढंच, असं पुंजारामला वाटलं. बॅटवाल्याच्या मागं बसायचं, आला बॉल झेलायचा. विश्वजितनं पहिल्याच दिवशी त्याच्याकडं टरबुजं फेकून व्हिडिओ काढला आणि क्रांती चौकात बोर्ड लावला: टरबूजवाला कॅचर. बोर्डावर पुंजारामचं तोंड बैलगाडीएवढं. रूपा तिघी शेजारणींना घेऊन बघायला गेली.

पहिल्या मॅचमध्ये त्याच्या हातून एकही बॉल सुटला नाही. संघ सतरा धावांनी हरला. दुसऱ्या मॅचला समोरच्यांच्या ध्यानात आलं. पहिल्या बेसवर, म्हणजे धावून गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, पोचलेला गडी बॉल टाकला जाताना दुसऱ्या बेसकडं पळतो, तेव्हा कॅचरनं झटक्यात उठून तिकडं फेकायचं असतं. पुंजाराम बॉल पोटाशी ओढायचा. सतरा वर्षांची सवय. ओढून, मग उठून, मग फेकायचा. तोवर पळणारा पोचून पँटची धूळ झटकत असायचा. बॉल टाकणारा पिचर ऋतुराज, डॉक्टरचा पोरगा, भर मैदानात ओरडायचा, "काका, बॉल आहे तो, प्रसाद नाही! पटकन फेका!"

चौथ्या मॅचपर्यंत आठी शहरांना कळलं: पुंजाराम बसलाय, पळा. विश्वजितनं भोंग्यावर एक बोलका माणूस बसवला. तो ओरडायचा, "हळू हो मंडळी, पुंजारामभाऊंच्या मांडीवर बाळ झोपू ऱ्हायलंय!" लोक लोळायचे हसून. गर्दी वाढत गेली. कन्नडहून जीप करून पोरं यायची. हरलेल्या संघाला बघायला एवढी माणसं कुठं येतात? इथं यायची, येताना टरबुजाच्या साली घेऊन यायची आणि मॅच संपली की मैदानात फेकायची.

सरांनी विश्वजितला सांगितलं होतं, "दुसरा कॅचर आहे आपल्याकडं. याला पाच मॅच बाहेर बसवा, मी हात घडवतो."

"सर, लोक कोणाला बघायला येतात?" विश्वजित म्हणाला. "हरतोय तर हरू द्या ना. खुर्च्या भरतायत."

पुंजारामला यातलं काही माहीत नव्हतं. तो घरी सांगायचा, "मला एकडाव बी बाहेर बसवलं नाय बघ. काही गुण असंल म्हणूनच ना?"

"मंग लोकं हासतेत कामून?" रूपा विचारायची.

"नवा खेळ हाय. समजंना त्यायला."

पण हात सुधारायचा ध्यास त्यानंच घेतला. सर सांगून दमले, हात ओढायचे थांबेनात. मग एका सकाळी तो बाभळीचे काटे घेऊन आला. वासराचं पिणं तोडायचं तर त्याच्या तोंडाला काटे बांधतात. गाईला टोचलं की तीच लाथ मारते. "तसं मव्ह्या पोटाला बांधा, सर." सरांनी आधी नाही म्हणलं, मग बांधले. हात पोटाकडं आला की काटा रुतायचा. दोन महिने रोज सकाळी शंभर बॉल. पोटाची चाळणी झाली. रूपानं हळद लावली आणि शिव्याही दिल्या. हात मात्र हळूहळू पुढं जायला लागले, बॉलला वाटेतच गाठायला लागले.

चौदावी मॅच शेवटची. तेरा हरल्या होत्या. या मॅचमध्ये पहिला गडी पळाला, तसा पुंजाराम उठला आणि बॉल दुसऱ्या बेसवर जाऊन बसला. आऊट. भोंगा बोलता बोलता अडकला. पुढं आणखी एक पळाला. तोही आऊट. तिसऱ्याला पळायची हिंमतच झाली नाही. ती मॅचही हरलीच, नऊ धावांनी, पण साली टाकायच्या आधीच अर्धं मैदान उठून गेलं होतं. हसायला काही राहिलं नाही तर बसतंय कोण?

विश्वजित कुंपणाजवळ आला. "काय राव पुंजाराम, पब्लिक गप करून टाकलं तुम्ही."

पुंजारामला ती शाबासकी वाटली. त्यानं दोन्ही हात जोडले.

पुढच्या हंगामाची यादी लागली तेव्हा तिच्यात त्याचं नाव नव्हतं. सरांनी फाटकाजवळ त्याला सगळं सांगितलं, बाहेर का बसवलं नव्हतं तेही. शेवटी म्हणाले, "आता तू बाकीच्या कॅचरांसारखाच झालास, पुंजाराम. तसले विशीतले मिळतात."

म्हणून आता तो फाळक्याखाली उभा होता, बाह्या सारून. वर आकाश.

पहिलंच टरबूज आलं आणि हात आपोआप पुढं गेले. फाटकन आवाज झाला, लाल पाणी कोपरापर्यंत आलं. "खा!" टोळी ओरडली. त्यानं खाल्लं. बिया गिळल्या.

मग तो प्रत्येक फळाला मनात म्हणायला लागला, ओढ, ओढ. तीस उतरली, चाळीस उतरली. आकाशनं मुद्दाम दोन जोरात मारली, तीही नीट पोटाशी आली. मुकादम जवळ येऊन उभा राहिला. मग कुणीतरी मागून म्हणालं, "जुना हात परत आला का रं ह्याचा?" आणि तेवढ्यावर त्याचं मन हललं. दुसरं फुटलं. तेही खाल्लं, पण आता घशाखाली उतरेना. आकाश वर कमरेवर हात ठेवून थांबला होता. "सावकाश, दाजी. घाई नाय मला."

नंतरचं टरबूज आकाशनं जोरात फेकलं नाही, वाकडंही नाही. दोन्ही हातांनी, अगदी अलगद, खाली सोडलं. शेंबड्या पोरानंही झेललं असतं. पुंजारामचे हात वर गेले, छातीच्याही पुढं, आणि त्याला वाटेतच गाठून थांबले.

कुणी खा म्हणालं नाही. तो स्वतःच खायला लागला. दोन घास परत तोंडात आले, ते त्यानं गिळले.

"पुरं," मुकादम म्हणाला. "साल टाकून दे. आकाश, खाली ये, तुव्ह्या जागेवर. वर दुसरा चढा. ऊन व्हायच्या आत मोकळी करा गाडी."

आकाश उडी मारून खाली आला. पुंजारामच्या जवळून जाताना म्हणाला, "ताईला मीच सांगू का, का तुम्ही सांगता?"

हात पँटला पुसून पुंजाराम कांद्याच्या शेडकडं गेला. तिथं रांग लागली होती. रांगेतल्या शेवटच्या माणसामागं तो उभा राहिला. नंबर आला तसा वाकला, दोघांनी पोतं उचलून त्याच्या पाठीवर टाकलं, आणि तो वजनाच्या काट्याकडं चालायला लागला.