दोन चिकटवह्या आणि एक सांधा

गल्लीतली पोरं त्याला मामा म्हणायची, पोरांचे आईबापही मामाच म्हणायचे, आणि एकदा तर त्याच्या सासऱ्यांनीच चुकून मामा अशी हाक मारली होती. तेव्हा आपणही मामाच म्हणू. मामाचा धंदा भिंतींना वॉलपेपर लावण्याचा. कागदाच्या एका पट्ट्याशेजारी दुसरा पट्टा असा बसवायचा की फुलाची अर्धी पाकळी इकडे, अर्धी तिकडे, आणि मधला सांधा कुणाच्या बापाला दिसू नये. "सांधा सापडला तर मिशा उतरवीन," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. एका खडूस म्हातारीने भिंग घेऊन सगळी भिंत पालथी घातली होती. मिशा अजून शाबूत आहेत.

असा हा सांध्यांचा उस्ताद, पण घरात त्याच्या दोन थोरल्या बहिणींमधून विस्तव जात नव्हता.

झालं होतं असं. मागच्या सुट्टीत सगळे मिळून समुद्रावर गेले होते. ताईचं घर, अक्काचं घर, मामा-मामी आणि आई. लॉजच्या मागून दगडी पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरत होत्या. शेवटच्या सकाळी त्याच पायऱ्यांवर सगळे दाटीवाटीने बसले, लॉजच्या वेटरने फोटो काढला, आणि पुढच्या मिनिटाला आई घसरली. ताई तिला पाण्याकडे नेत होती. अक्का आधीच म्हणाली होती, पायऱ्या ओल्या आहेत, नको. आईचं मनगट मोडलं. दवाखान्याच्या बाकावर बसून अक्का सगळ्यांच्या देखत ताईला म्हणाली, "तू हात सोडलास तिचा. एक दिवस तू आईला मारशील."

आईचं मनगट यथावकाश जुळलं. लेकींचं काही जुळेना. आई मामाकडे राहायची, त्यामुळे दोघी यायच्या, पण दारात एकीच्या चपला दिसल्या की दुसरी जिन्यातूनच मागे फिरायची. आईला पावलांचा आवाज यायचा. वर येणारी पावलं, थांबलेली पावलं, खाली जाणारी पावलं. कान तिचे अजून तिखट होते, हेच वाईट.

"मला काही नको," ती एकदा मामाला म्हणाली. "मरायच्या आधी त्या दोघींना एका खोलीत बघायचंय. तेवढं कर."

मामा म्हणाला, करतो. म्हणायला काय जातं! दोन थोरल्या बहिणींपुढे या गृहस्थाचं आजवर काही चाललं नव्हतं. लहानपणी त्याला आंघोळ घालायची कुणी, यावरून त्या भांडायच्या आणि शेवटी दोघी मिळून घालायच्या.

कल्पना सुचली ती एका गिऱ्हाइकाकडे. कागद खळ पिऊन मऊ होईपर्यंत थांबावं लागतं, तेवढ्यात त्याने टेबलावरची एक जाडजूड वही उघडली. त्या घरच्यांच्या सहलीची चिकटवही होती. फोटो, बसची तिकिटं, एक वाळलेलं पान, खाली दोन ओळी मजकूर. मामाला ती इतकी आवडली की त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा कागद गरजेपेक्षा जास्त भिजला.

"ताईला एक आणि अक्काला एक, अशा भेट देऊ या," रात्री जेवताना तो मामीला म्हणाला. "एका सकाळीपायी सगळी सुट्टी नासली. बाकीचे दिवस किती मजेचे होते, ते तरी आठवतील."

"तुम्ही फोटो चिकटवणार?" मामी म्हणाली. "आठ फुटांखालचं काही तुम्हाला चिकटवता येतं का?"

मामी बोलायला फटकळ, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनमधले फोटो तिनेच मागवून एकत्र केले. ते बघता बघता तिचे डोळे शिणले. ताईच्या यजमानांनी एकाच होडीचे इतके फोटो काढले होते की जणू होडी विकत घ्यायची होती. अक्काच्या धाकट्याच्या फोनमध्ये फक्त खाण्याच्या बशा. आईने स्वतः एकच फोटो काढला होता, त्यात तिचा अंगठा आणि थोडं आकाश. मामाने तो पहिल्या पानासाठी बाजूला ठेवला. निवडलेल्या प्रत्येक फोटोच्या दोन-दोन प्रती छापून आणल्या.

पहिलं पान साफ फसलं. मामाने सवयीने खळ कालवली, रुंद ब्रशने फोटोला चोपडली आणि फडक्याने वरून खाली दाबत नेली. फोटोची शाई पसरली. ताईच्या यजमानांचा चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला आणि वाळल्यावर पापडासारखा वर आला. मामीला हसू आवरेना. मामाने सासऱ्यांसकट सगळ्यांची शपथ घेतली की यात खळीचा दोष नाही, फोटोचाच कागद भिकार.

छपाईच्या दुकानदाराने त्याला डिंकाची कांडी दिली. लहान पोरं शाळेत वापरतात तसली.

"ही?" मामा म्हणाला. "याने माशी तरी चिकटेल का?"

"तुम्हाला माशी चिकटवायची आहे की फोटो?" दुकानदार म्हणाला.

कांडीने फोटो बसले. मग मात्र मामाचं अंग मोकळं झालं. माळ्यावर वर्षानुवर्षांचे उरलेले वॉलपेपर होते, ते त्याने खाली काढले. दातांच्या डॉक्टरच्या वेटिंग रूमचा निळा रेघारेघांचा कागद समुद्राच्या पानांना लागला. कुण्या नवविवाहितांच्या खोलीतला गुलाबी कागद अक्काच्या लेकीच्या फोटोंमागे गेला. शिंपले लावायला गेला तर वही मिटेना, म्हणून शिंपले काढले आणि चिमूटभर वाळू पारदर्शक पाकिटात घालून चिकटवली. पार्किंगची पावती, लॉजच्या साबणाचं वेष्टन, भाच्याने हॉटेलच्या टिश्यूवर काढलेला खेकडा. खेकडा एकच होता. मामाने दुसऱ्या वहीसाठी त्याच्याकडून तसाच दुसरा काढून घेतला, तर त्याला पाय दोन जास्त आले. राहू दे म्हणाला, समुद्रात काय, कसलेही असतात.

काम चालायचं ते त्याच्या लांब घडीच्या टेबलावर. दोन्ही वह्या शेजारी-शेजारी उघड्या. इकडे एक फोटो लावला की तोच तिकडे. आई आरामखुर्चीतून बघत बसायची आणि अधूनमधून मजकुरात दुरुस्त्या करायची. "पाऊस नव्हता त्या दिवशी, तूच बादली सांडली होतीस."

राहिलं शेवटचं पान. पायऱ्यांवरचा तो फोटो. मामीचं म्हणणं, तो नकोच. मामा म्हणाला, सगळेजण असलेला तेवढाच एक आहे. त्यात आई मधोमध बसली होती. तिच्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला अक्का, आणि दोघींनी तिचा एकेक हात धरला होता. मामाने तो मोठ्या, साध्या कागदावर छापून घेतला, आधी नमुन्याला एकच. एवढ्या मोठ्या कागदाला पोरांची कांडी लावणं त्याला मानवेना. दुकानदाराला विचारलं, हा भिजला तर चालेल का? चालेल म्हणाला. मामाने आनंदाने ब्रश काढला.

आणि इथे हात त्याच्या डोक्याच्या पुढे धावला. समोर दोन उघड्या पानांची सलग जागा, हातात तिच्या मापाचा कागद. मामाने पट्टी ठेवली, कटर फिरवला, डावा भाग ताईच्या वहीत बसवला, उजवा अक्काच्या, आणि मधला सांधा अंगठ्याने असा दाबला की खुद्द त्यालाही तो दिसेना. जित्याची खोड, दुसरं काय!

"ये गं, बघ!" त्याने मामीला हाक मारली. "सांधा दाखव, मिशा उतरवतो."

मामीने वाकून दोन्ही पानं बघितली. "फार सुंदर झालंय," ती म्हणाली. "आता या दोन वह्या दोन घरांत जाणार ना?"

मामाने ताईची वही उचलली. तिच्यात अर्धी आई आली. उरलेली अर्धी टेबलावर राहिली. त्याने कपाळाला हात लावला, आणि हाताची खळ कपाळाला लागली.

"नवीन छापून आणतो," तो म्हणाला.

"काही नको," आई खुर्चीतून म्हणाली. तिला तिथून सगळं दिसत होतं. "राहू दे तसंच. वाळव आणि देऊन ये."

मामाने एक वही खिडकीत उन्हाला ठेवली. दुसरीला तिथे जागा नव्हती, ती कपाटावर टाकली. वाळल्यावर स्कूटरवरून आधी ताईकडे गेला. ताई शाळेत मुख्याध्यापिका होती आणि वहीसुद्धा तिने पेपर तपासावा तशी तपासली. अंगठ्याच्या फोटोला हसली, होडीच्या पानावर नवऱ्याला टोमणा मारला. शेवटचं पान आलं, तेव्हा तिने ते मागेपुढे उलटून पाहिलं.

"उरलेली आई कुठाय?"

"अक्काकडे."

"मुद्दाम केलंस तू."

"नाही गं ताई, चुकून झालं."

"तुझ्या हातून? सांधा लावताना चुकून?" ताई म्हणाली. "मला शिकवू नकोस. उचल तुझं हेल्मेट."

अक्काकडे याहून वाईट. तिने शेवटचं पान बघितलं, वही मिटली आणि विचारलं, "हे ताईने सांगितलं का तुला करायला?" मामा नाही म्हणाला. तिचा विश्वास बसला नाही. चहासुद्धा न विचारता तिने दार लावलं. बिचारा मामा! आयुष्यात एकदा खरोखर चुकला, तर ते कुणी मानायला तयार नाही.

घरी येऊन त्याने आईला सांगितलं, "दोघी चिडल्या. करायला गेलो एक आणि झालं भलतंच."

त्यानंतर बरेच दिवस दोघींपैकी कुणी आलंच नाही. आई जेवणही थोडंच घ्यायची. जिन्यात पाऊल वाजलं की मान उचलायची आणि ते शेजाऱ्यांचं निघालं की पुन्हा खाली घालायची. मामाला वाटलं, होतं तेही आपण घालवलं. त्याला रडू आलं, आणि ते लपवायला तो माळ्यावर जाऊन कागद आवरत बसला.

मग एका सुट्टीच्या दुपारी ताई आली. वही काखेत. "मला हा फोटो अख्खा छापून हवाय," दारातूनच म्हणाली. "अर्धी आई मी घरात ठेवणार नाही." ती आत येऊन बसते न बसते तोच जिन्यात पुन्हा पावलं वाजली. दाराशी थांबली. ताईच्या चपला दारातच होत्या. आई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्धी उठली.

पावलं थांबून राहिली. मग दार वाजलं.

अक्काच्याही काखेत वही होती. तिने कुणाकडे बघितलं नाही. सरळ टेबलापाशी गेली, शेवटचं पान उघडलं आणि ताईच्या वहीला भिडवून ठेवलं.

सांधा जुळला नाही. उन्हात वाळलेला कागद आखडला होता. एका बाजूची आई थोडी वर आली होती, एका भुवईने कसलीतरी शंका घेतल्यासारखी.

"हे बघ काय केलंस!" ताई मामावर ओरडली.

"आईचं तोंड वाकडं केलंस मेल्या!" अक्का म्हणाली.

"आणि म्हणे उस्ताद!"

"आधी मिशा उतरव त्या!"

दोघी मिळून त्याला बोलू लागल्या. एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती. मामी मध्ये पडायला निघाली, तर आईने बऱ्या झालेल्या हाताने तिचा पदर धरला. "बोलू दे," ती हळूच म्हणाली. मामा खाली मान घालून शिव्या खात होता आणि त्याला इतकं बरं वाटत होतं की चेहरा वर करायची सोय नव्हती.

बोलता बोलता अक्का थांबली. तिचं बोट तिच्या पानावर होतं.

"इतके दिवस हे अर्धंच बघतेय मी," ती म्हणाली. "यात तू नाहीसच ताई. माझाच हात आहे. फोटो झाल्या झाल्या मीही सोडला होता तो. चप्पल घालायला. आणि सगळं तुझ्यावर ढकललं."

ताईने चष्मा काढला. "मी फोन काढायला सोडला," ती म्हणाली. "तू ओरडलीस ना, पायऱ्या ओल्या आहेत म्हणून, ते ऐकलं होतं मी. ऐकूनही पुढे गेले."

आईला तोवर उठायचं होतं. "मला दाखवा तरी काय केलंय ते," ती म्हणाली. ताईने एका बाजूने धरलं, अक्काने दुसऱ्या बाजूने, आणि तिघी टेबलापर्यंत गेल्या. आईने वाकून आपला वाकडा चेहरा नीट न्याहाळला.

"नवीन छापून आणतो," मामा म्हणाला. "दोन प्रती. अख्ख्या."

"खबरदार," आई म्हणाली. "बघायचं असेल तेव्हा दोघी इथे घेऊन येतील."

ती खुर्चीत परत बसली, तरी दोघींनी तिचे हात सोडले नाहीत. मामीने चहा ठेवला, आणि दारातल्या दोघींच्या चपला मामाने उचलून आत आणल्या.