क्लचची हवा आणि जेठाशी बोलणं

माझ्या जेठांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, आमच्या गाडीच्या क्लचमध्ये कापडाच्या मागाचं तेल ओतलं, म्हणून मी त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले. नाहीतर बोललेच नसते. आम्ही खानदेशातले. धाकट्या भावाच्या बायकोने जेठाशी बोलायचं नाही, त्यांच्या कानावर आपला आवाजही जाऊ द्यायचा नाही, असा आमच्यात रिवाज. सुरतेला येऊन लिंबायतच्या दोन खोल्यांत एकत्र राहिलो, तरी रिवाज सोबत आलाच.

नव्वद साल उलटून गेलं होतं. मागावर काम करून नवऱ्याला खोकला जडला, तेव्हा त्याने खातं, म्हणजे मागाचा कारखाना, सोडला आणि एक जुनी मोटार घेतली. आमच्या लोकांना लग्नाला, मयतीला गावाकडे नेऊ-आणू लागला. खोकला उतरला. जेठ मागावरच राहिले, त्यांना ते कधी पटलं नाही. चालता माग सोडून डबडं घेतलं, म्हणायचे.

मग नवऱ्याचा डावा पाय मोडला, प्लास्टर बसलं. बदली ड्रायव्हर ठेवला. एक दिवस क्लचच्या डबीत तेल कमी दिसलं, तर जेठांनी खात्यातलं तेल आणून ओतलं. मागवाल्याला तेल म्हणजे तेल. माग काहीही पितो. त्या डबीला मात्र ब्रेक ऑइलच लागतं, दुसऱ्या तेलाने आतली रबरं फुगतात. पेडल खाली गेलं ते वर येईना. ड्रायव्हर चावी देऊन निघून गेला.

जेठ म्हणाले, "उद्या भंगारवाल्याला बोलावलं आहे. पाय बरा झाला की मागावर चल. जागा सांगून ठेवली आहे."

मी आतून त्याला हळूच म्हटलं, "मागावर जायचं असेल तर आधी मला गावी पोचवा. तुमचा खोकला ऐकत मी इथे बसणार नाही."

मग तो भावाला म्हणाला, "भाऊ, आजचा दिवस बघू. नाही झाली तर न्या भंगारात."

काम नवऱ्याला माहीत होतं, हात जेठांचे. त्यांनी सगळं खोललं. फुगलेली रबरं मी फडक्यात बांधून उधन्याच्या दुकानात नेली आणि त्याच मापाची नवी आणली. जेठांनी नळी धुतली, रबरं बसवली, नवीन ऑइल भरलं. राहिली नळीतली हवा. ती काढायला एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने गाडीखालून बोल्ट सैल करायचा. हवा निघाली की बोल्ट आवळायचा, मगच पेडल सोडायचं. नवऱ्याचा पाय प्लास्टरात, म्हणून सीटवर मी बसले.

मी पेडल दाबून, गाडीशेजारी खाटेवर बसलेल्या नवऱ्याला हळूच सांगायचं, त्याने ओरडून खालच्या भावाला सांगायचं.

"दाबलंय."

"काय म्हणालीस?" नवरा विचारायचा.

"दाबलंय म्हटलं."

"भाऊ, दाबलं," तो ओरडायचा.

तोवर माझा पाय थरथरून वर आलेला. जेठ नेमके तेव्हा बोल्ट सैल करत, आणि बाहेर पडायची ती हवा उलट आत. असं दुपारपर्यंत चाललं. खालून जेठ म्हणाले, "तिले सांग, पाय आहे का दिव्याची वात?"

मग मी पदर कमरेला खोचला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"भाऊ, दाबलं. उघडा."

खाली काही हललं नाही.

"उघडा म्हणते ना. पाय माझा दुखतोय, तुमचा नाही."

बोल्ट फिरला. बुडबुडे निघाल्याचा आवाज वर आला.

"आवळलं," जेठ म्हणाले. थेट मला.

"सोडते. परत दाबते."

समोरच्या ओट्यावरची म्हातारी तोंडावर हात ठेवून बघत होती. बघू दिलं. पेडल घट्ट लागेपर्यंत आम्ही बोलत राहिलो. मग नवऱ्याने सांगितलं तशी मी गाडी चालू केली, क्लच दाबून पहिला गिअर टाकला. करकर न करता पडला. पाय जरासा उचलला तर गाडी हातभर पुढे सरकली. गाडीखालून निघून जेठ समोरच बसले होते, ते घाईने उठले.

"बाईने एवढ्या मोठ्याने बोलू नये," ते नवऱ्याला म्हणाले.

"मी इथेच आहे भाऊ," मी म्हटलं. "मलाच सांगा."

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. जेठ दारातच होते, पण कोणी बोलायच्या आत मी त्याला सांगितलं, गाडी द्यायची नाही, पुन्हा येऊ नको. तो जेठांकडे बघायला लागला. जेठ म्हणाले, "तिने सांगितलं ना."