गुणाजी नाखव्याचे बर्फातले बूट

आमच्या थळच्या गुणाजी नाखव्याचा जन्म अनवाणी गेला. स्वतःच्या लग्नातसुद्धा त्यानं चपला हातात धरल्या होत्या. म्हणजे बूट निवडायला त्याच्याइतका लायक माणूस गावात दुसरा नव्हता. बासष्ट साली त्याचा फौजी लेक राघो लडाखला निघाला. सरकारी बुटांवर नाखव्याचा भरवसा नव्हता, म्हणून त्यानं मुंबईहून बूट आणि हातमोजे आणले.

हातमोजे चढवून त्यानं जाळ्याचा दोर ओढला. शिवण टिकली. बूट खाडीच्या चिखलात रोवले, तर आत पाणी शिरलं.

"बरफ म्हंजे पानीच ना?" असं म्हणत त्यानं होडीला लावतात ते मुशी माशाचं तेल बुटांना आतबाहेर चोपडलं. त्या तेलाला वास असतो हे त्याला कोण सांगणार? आम्हा कोळ्यांना तो येतच नाही.

पुढच्या वर्षी राघो रजेवर आला.

"बूट टिकलं का रं?"

"टिकलं. पाय कोरडं ऱ्हायलं. पन वासापायी तंबूत कोनी घेईना. भायेर बरफात झोपलो."

तेव्हापासून नाखवा बंदरावर सांगत फिरतो, "पोरगा उघड्या बरफात झोपला, तरी पाय कोरडं. याला म्हनतात बूट."