खाबुऱ्याच्या बागेतलं चॅपल

माझ्या सासूबाईंना इतिहासातलं ओ की ठो कळत नाही. मला कळतं. वसईच्या किल्ल्याशेजारी वाढलेला माणूस पोर्तुगीज बांधकाम वासावरून ओळखतो! पण लग्नाला बारा वर्षं झाली तरी बाईंचं मत एकच: लिझाने मठ्ठ नवरा केला. ओमानला आमच्याकडे महिनाभर राहिल्या, परतायला दोन दिवस उरले, तरी मत जागचं हलेना. म्हटलं, आता यांना गार करायचंच.

माझ्या ऑफिसातल्या, पन्नाशीच्या ओमानी सलीमने त्याच्या गावी, खाबुऱ्याला, आजोबांच्या खजुराच्या बागेत जेवायला बोलावलं होतं. (सासूबाईंना मॉल हवा होता. इतिहास सोडून एसी!) सलीम कहवा आणायला गेला आणि मी सूत्रं हाती घेतली.

"आई, या बागेत इतिहासाचे थर आहेत थर! हा पाण्याचा पाट अरबांचा. ती विहीर इराण्यांची. आणि ते..." समोर कमानीच्या दाराची एक खोली. आत भिंतीलगत लांब ओटा, वर कोनाडा. "...ते पोर्तुगीज चॅपल!"

"मातीचं?" लिझाने विचारलं. "आधी सलीमला विचार ना."

"त्याला चॅपलमधलं काय कळणार? हा ओटा म्हणजे आल्तार! त्या कोनाड्यात सायबीण मारिया असणार!"

"अगो बाई!" सासूबाई चक्क आदराने माझ्याकडे बघत होत्या! त्यांनी डोक्यावर पदर घेतला, गुडघे टेकले, पर्समधून रोझरी काढली आणि 'नमो मारिया' सुरू केलं. मी लिझालाही खाली बसवलं आणि आल्तारावर कपाळ टेकलं. (वास जरा उग्र होता. जुनी वास्तू, चालायचंच.)

दारात सलीम, हातात कहव्याचा ट्रे. "भाई, सब ठीक है?"

"सलीम, ये चार सौ साल पुराना है ना?"

"ये? मेरे बचपन में दादाजी ने बनाया. पहले बैल बाँधते थे. फिर खजूर की बोरियाँ रखीं, फिर पंप का जनरेटर. अब बकरियाँ."

"और ये?" मी कपाळ पुसत ओट्याकडे बोट दाखवलं.

"इसपे चारा डालते हैं."

लिझा तोंड दाबून बाहेर पळाली. सासूबाई मात्र शांतपणे उठल्या. "काही बिघडत नाही. येशूबाळ गोठ्यातच जन्मलं. माझी प्रार्थना पोचली."

माझा जीव भांड्यात पडला. "बघा! मागितलंत तरी काय, आई?"

"जावयाला अक्कल."

अल् खुवैरला घरी पोचेपर्यंत गाडीत मी एक सणसणीत उत्तर शोधत होतो. आज सहा महिने झाले, अजून सुचलेलं नाही. म्हणजे प्रार्थना काही पोचलेली दिसत नाही!