ओकादासाहेबांचा ताईत

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. ऐकण्याच्या योग्यतेचा माणूस भेटला नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती — तीही खोटीच.

सौदीतल्या जुबैलच्या कारखान्यातले आमचे जुने सोबती चिपळूणला जमले की इक्बाल हमखास सुरू करतो: आखाती युद्ध तोंडावर असताना नाना, म्हणजे मी, प्रशिक्षणासाठी जपानला गेले, बर्फातून तीनशे पायऱ्या चढले, ओकादासाहेबांचा ताईत प्राचीन देवळात पोचवून नवा घेऊन आले. "नाना, त्या ताईतानेच साहेब क्षेपणास्त्रांतून वाचले." बाकीचे माना डोलावतात. मूर्ख आहेत. बर्फ नव्हताच. आणि पायऱ्या मोजल्या कोणी? मी तर — थांबा, क्रमाने सांगतो.

ओकादा आमचे कॉम्प्रेसरचे इंजिनियर. त्यांची आई दरवर्षी गावच्या देवळातला ताईत धाडी — खिशात मावेल एवढी कापडी पिशवी. रीत अशी, की नववर्षाला जुना ताईत त्याच देवळात परत करायचा. तिथे तो विधिपूर्वक अग्नीला देतात. त्या वर्षी आई वारली. ओकादांना जुबैल सोडता येत नव्हते. तिने धाडलेला शेवटचा ताईत त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या स्वाधीन केला.

प्रशिक्षणातून सवड काढून त्या देवळाकडे गेलो. पायऱ्यांच्या तळाशी पाण्याचे दगडी कुंड होते. लांब दांड्याची पळी उचलून मी थेट तोंडाला लावली. एका म्हातारीने ती माझ्या हातून काढून घेतली आणि करून दाखवले — आधी डावा हात, मग उजवा, मग तळहातावर पाणी घेऊन चूळ. रांगेत कोणीतरी हसले. मला? पिढीजात गुरवाच्या मुलाला देवळात हात धुवायला शिकवणार? मी तिथूनच माघारी फिरलो.

आणि ताईत — स्टेशनवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. जवळच्याच दुसऱ्या एका लहानशा देवळाच्या खिडकीतून नुसता रंग पाहून नवा विकत घेतला. जपानी अक्षरे मला वाचता येत नव्हती. ओकादांना येतात, एवढे साधे माझ्या ध्यानात आले नाही.

जुबैलला त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. वाचला. चारच अक्षरे, पण बराच वेळ वाचली. मग विचारले, "आईचा अग्नीत गेला?"

"माझ्या डोळ्यांदेखत," मी म्हणालो.

त्यांनी लवून आभार मानले. पुढे भोंगा वाजला की आम्ही गॅसचे मुखवटे चढवून बसत असू. तेव्हाही तो त्यांच्या खिशात असे. त्यांच्या एका सहकाऱ्याने एकदा तो पाहिला आणि हसत मला अर्थ सांगितला. सुखरूप बाळंतपणासाठी.

ओकादा मला कधीच काही बोलले नाहीत. आणि इक्बालची गोष्ट मी आजवर एकाच ठिकाणी दुरुस्त करत आलो आहे — बर्फ नव्हता, एवढेच सांगतो.